इनामदारांना खो

ठकूबाई शेळक्यांनी वर्षभर परसात लेकींना पळवून पळवून तयार केलं आणि जत्रेतल्या घराण्यांच्या खो-खोत त्यांचा संघ उतरवला. इनामदारांना ते रुचलं नाही. त्यांनी दोन खांबांच्या मधोमध, खेळाडूंच्याच रांगेत खुर्ची मांडली.

"पोरी खेळणार असतील तर मी इथून उठायचा नाही!"

ठकूबाईंनी पदर खोचला, मागून जाऊन इनामदारांच्या पाठीवर थाप मारली आणि ओरडल्या, "खो!"

इनामदार दचकून ताडकन उठले. ठकूबाई खुर्चीत बसल्या.

"हे काय?"

"नियम आहे, सरकार. खो मिळाला की बसलेल्यानं पळायचं, देणाऱ्यानं बसायचं. तुम्ही आमच्या खेळात खो घातलात, आम्ही तो रीतसर दिला. पळा आता!"