न कळता म्हटलेलं ‘हो’

उसाच्या मुलखातल्या एका गावात एक गुळव्या होता. नाव रावबा, पण सगळे त्याला नाना म्हणायचे. गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, आटवून गूळ करायचा, हे त्याचं काम. काहील चुलवाणावरून नेमकी कधी उतरायची, हे ज्याला कळतं तोच खरा गुळव्या. जरा आधी उतरली तर गूळ धरत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. नानाचा गूळ कधी बिघडला नव्हता.

तोंडाचं मात्र विचारू नका. काहील ढवळणारा भैरू बारा वर्षं त्याच्या हाताखाली होता. त्यानं काही विचारलं की नाना म्हणायचा, “शिकायचंय तर बघ. कामाला हात लागतात, तोंड लागत नाही.” पुन्हा विचारलं की चारचौघांत ऐकवायचा, “कान काय घरी ठेवून आलास?” मग भैरूनं विचारणंच सोडलं. नाना काहीही बोलला की मान हलवायची आणि “हो नाना” म्हणायचं, एवढं मात्र तो पक्कं शिकला.

एका हंगामात उकळत्या रसाचा शिंतोडा उडाला आणि नानाचे डोळे भाजले. वैद्यानं दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. “आठ दिवस सोडायची नाही. सोडलीस तर कायमचा आंधळा होशील,” म्हणाला.

नेमका त्याच दिवशी हौसाक्काचा ऊस तुटून गुऱ्हाळावर येऊन पडला. हौसाक्का एकटी बाई, शेत टीचभर. सगळा मिळून दोन काहिलींचा ऊस, आणि त्यावर तिचं वर्ष निघायचं. तुटलेला ऊस आठ दिवस ठेवला तर आंबतो. दुसरा गुळव्या आणावा तर ऐन हंगामात कोण मोकळा?

“आक्का, काळजी करू नको,” नाना म्हणाला. “मी इथं बसून सांगतो. भैरू काढंल.”

पहिली काहील चढली. नाना चुलवाणापासून चार हातांवर पोत्यावर बसला. रस आटत आला तसा तो ओरडला, “भैरू, पाक आवळायला लागला की काढा. कळलं का?”

“हो नाना.”

भैरूला काही कळलं नव्हतं. आवळायला लागला म्हणजे काय? घट्ट झाला की? किती घट्ट? त्यानं ढवळणं चालू ठेवलं. थोड्या वेळानं त्याच्या नाकाला करपट वास आला. सांगावं का? सांगितलं तर नाना म्हणणार, मला शिकवतोस का. तो गप्प राहिला. वारा उलटा होता, म्हणून नानाला वास आला तेव्हा फार उशीर झाला होता.

काहील उतरली. काळा, कडू गोळा. हौसाक्कानं तो बघितला. पदर तोंडाला लावून उसाच्या उरलेल्या मोळ्यांवर जाऊन बसली.

नाना भडकला. “कळलं का म्हणून विचारलं तेव्हा हो का म्हणालास रे?”

भैरूची मान खाली. नानाला ती दिसत नव्हती. शेवटी भैरूच हळू म्हणाला, “नाना, बारा वर्षं हेच म्हणत आलोय. नाही म्हटलं की तुम्ही ओरडता.”

एरवी नानानं त्याला सोलून काढला असता. पण पलीकडं हौसाक्काचं नाक ओढणं त्याला ऐकू येत होतं. गूळ भैरूनं करपवला हे खरं. पण पाक आवळणं म्हणजे काय, हे बारा वर्षांत आपण त्याला एकदाही सांगितलं नाही, हेही खरंच की. आपल्याला ते डोळ्यांनी कळायचं, म्हणून जगाला कळतं असं आपण धरून चाललो.

दुसरी काहील चढली. आता हीच काय ती राहिली.

“भैरू,” नाना म्हणाला, “आता मी सांगत नाही. तू सांग. काय दिसतंय?”

“फेस दिसतोय.”

“बुडबुडे केवढे?”

“लिंबाएवढे.”

“चालू दे.”

जरा वेळानं भैरू आपणहून म्हणाला, “नाना, बुडबुडे बारीक झाले. जोंधळ्याएवढे. आणि आवाज जड झालाय.”

“आवाज मलाही येतोय. थेंबभर पाक गार पाण्यात टाक. त्याची गोळी कर. बोटाला कशी लागते?”

“मऊ. कानाच्या पाळीसारखी.”

“थांब अजून. जाळ कमी कर.”

भैरूनं पुन्हा गोळी केली. “आता नाकाच्या शेंड्यासारखी लागतीय. दाबली तर जराशी दबतीय.”

नानानं स्वतःचं नाक चाचपून पाहिलं. पलीकडून हौसाक्का रडता रडता हसली.

“उतरा,” नाना म्हणाला.

भैरूनं आणि गुऱ्हाळावरच्या तिघा गड्यांनी मिळून काहील उतरवली. पाक निववायच्या खळग्यात, वाफ्यात, ओतला. तो निवेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मग हौसाक्कानं कडेचा एक तुकडा मोडला, बघितला आणि नानाच्या हातावर ठेवला. “हळदीसारखा पिवळा उतरलाय, नाना.”

नानानं चाखला. मग सगळा तुकडा खाल्ला.

भैरू घुटमळत उभा होता. शेवटी धीर करून म्हणाला, “नाना, रसातली मळी काढायला भेंडीचं पाणी घालतो, ते नेमकं कधी घालायचं? मी आपला अंदाजानं घालतो.”

नानानं ओरडायला तोंड उघडलं. मग मिटलं. पोत्यावर थोडा बाजूला सरकला.

“बस इथं,” तो म्हणाला. “सांगतो.”

तात्पर्य काय, तर काम गुऱ्हाळातलं असो नाहीतर हापिसातलं, नुसतं हुशार असून भागत नाही. सांगणाऱ्यानं समोरच्याला कळेल असं सांगावं, आणि ऐकणाऱ्यानं कळलं नसेल तर तसं म्हणावं. ज्याच्यापुढं ‘नाही कळलं’ म्हणायची सोय नाही, त्याची काहील आज ना उद्या करपणारच.