बाहेरून कडी नसलेलं गाव

दारं बघताय ना? बघा. आमच्या वेळशेतात एकाही दाराला बाहेरून कडी नाही, त्यामुळे कुलूप लावायची सोयच नाही. लग्नाकार्याला परगावी जायचं तर शेजाऱ्याला ओसरीवर बसवून जावं लागतं. शेजाऱ्यावर केवढा हा भरवसा, असं पाहुण्यांना वाटतं. तसं समजू नका. भरवसा आमच्याकडे कमीच आहे.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. त्या काळी ज्यांचं डोकं ठिकाणावर नाही अशी मोठी माणसं घरचे लोक लांबलांबून आणत आणि वरच्या भैरोबाच्या देवळात सोडून जात. बरं वाटलं की नेऊ म्हणत आणि पुन्हा फिरकत नसत. देवळाच्या खांबांना साखळ्या होत्या. त्यातल्या एकीला आमच्याच गावचा सटवाजी बांधलेला होता. त्याला कोणाकोणाचे आवाज ऐकू येत. त्याची थोरली बहीण भिवराबाई, विधवा बाई. भाऊ मोकळ्या पायाने छपराखाली निजेपर्यंत पायात वहाण घालणार नाही, असा तिने नवस केला म्हणे. आणि स्वतःच्या जागेत, ऐन गावात, त्या सगळ्यांसाठी घर बांधायला काढलं.

गावाला ते रुचलं नाही. कोणाची कोंबडी गेली तरी बोट देवळाकडे. भिंती छातीएवढ्याही आल्या नव्हत्या, तोवर लोक मुलांना त्या वाटेने पाठवेनात. शेवटी म्हाळोजी पाटलाने अट घातली, की दाराला बाहेरून कडी हवी. भिवराबाईने पुष्कळ विचार केला. नाही म्हणावं तर गाव घर उभंच राहू देणार नव्हतं.

"असू द्या कडी," ती म्हणाली. "पर घालायची येळ आलीच, तर आदी मला हाक मारा."

पाटलाने गावादेखत शब्द दिला. घर झालं, साखळ्या सुटल्या, भिवराबाईने वहाणा घातल्या. सटवाजी अंगण झाडू लागला, बहिणीबरोबर जात्यावर बसू लागला. आवाज काही गेले नाहीत म्हणे. पण ते वाढले की तो येऊन बहिणीला सांगे, आणि ती हातातलं काम टाकून त्याच्याजवळ बसे.

पुढे जत्रा आली. घरोघर पाहुणे. भिवराबाई नैवेद्य घेऊन वर देवळात गेली आणि मागे कोणीतरी कडी घातली. तिला हाक मारली नाही. पाहुण्यांसमोर शोभा नको, एवढाच विचार असावा. भर दुपारी शेजारच्या चुलाणाची ठिणगी उडून छपराच्या गवतावर पडली. सटवाजीने मागची कुडाची भिंत लाथांनी फोडली आणि एकेकाला बाहेर ढकललं. एक म्हातारी आतच राहिली म्हणून तो परत शिरला. तिला त्याने भोकातून बाहेर दिलं, तेवढ्यात आढं त्याच्यावर कोसळलं.

भिवराबाई धावत खाली आली तेव्हा दार जळत होतं. कडी तशीच घातलेली होती.

पाटलाने गाव जमवलं. प्रत्येकाने भैरोबाच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली, की मी नव्हे. त्यातली एक शपथ नक्की खोटी होती, पण कोणती ते कळेना. नवरा बायकोकडे बघू लागला, भाऊ भावाकडे. भिवराबाईने कोणाला शाप दिला नाही. मला विचाराल तर द्यायला हवा होता. ती एवढंच म्हणाली, "ज्यानं घातली त्यो हितंच हाय. समद्यांनी आपापल्या दाराच्या भायेरच्या कड्या काढा. घर पुन्यांदा बांधून द्या. आन् दर जत्रंला दारात पहारा द्या."

"पहारा कुणापासनं गं, भिवरे?" पाटलाने विचारलं.

"तुमच्यापासनं."

आजही घर त्याच जागी आहे, ते बघा, कौलारू. बारा-पंधरा माणसं राहतात, तालुक्याची डॉक्टरीणबाई औषधं घेऊन येते. जत्रेच्या दिवशी पाळीपाळीने एकेका घरचा माणूस दारात बसतो, पाठ घराकडे आणि तोंड गावाकडे करून. गेल्या जत्रेला माझी पाळी होती. दुपारी एक जण जवळ आला आणि हळूच म्हणाला, "पाव्हणं आल्यात, घटकाभर दार वढून घिऊ का?" तो माझा सख्खा धाकटा भाऊ. मी त्याला माघारी पाठवला, आणि तो आमच्या घरात शिरेपर्यंत त्याच्यावरची नजर काढली नाही.