सायाळीची टकटक

एका महानगराच्या कडेला, जेथे सकाळचे धुके कोठे संपते आणि कचऱ्याचा धूर कोठे सुरू होतो हे कोणालाच सांगता येत नसे, तेथील रानात एक सायाळ राहत असे. वय वर्षे एकवीस. म्हणजे सायाळींमध्ये चांगलेच म्हातारपण. नगराने माळावर आणून टाकलेला कचरा निवडणे हे तिचे काम. काट्यांत अडकलेल्या रंगीत पिशव्या हलवीत ती धुक्यातून चालू लागली की, बालमित्रांनो, एखादे फुललेले झुडूपच तरंगत निघाल्यासारखे वाटे. प्रत्येक वस्तू ती आधी ठोकून ऐके. काच किणकिणे, पत्रा खणखणे, रिकामी करवंटी ‘टक्’ म्हणे. मगच ती वस्तू आपल्या ढिगात जाई.

माळाचा मुकादम होता कोल्हा. एके सकाळी तो म्हणाला, “आजीबाई, ही काय नाडीपरीक्षा मांडली आहे? करवंटीला ताप आला आहे काय?” भोवतालचे कावळे खो खो हसले. सायाळ ओशाळली. “आटोपते, मुकादम,” एवढेच बोलून ती त्या दिवशी न ठोकताच निवडू लागली. बघता बघता करवंट्यांचा डोंगर झाला. “आता कसे,” कोल्हा म्हणाला, “ऊन उतरले की हा ढीग पेटवू.”

दुपारी सायाळीचा डोळा लागला. स्वप्नात सारा माळ तिच्याशी हलक्या आवाजात बोलत होता. एक गोल वस्तू तेवढी गप्प होती. ती दचकून उठली. सकाळी एक करवंटी जड लागली होती, हे तिला आता आठवले.

कोल्हा जळते लाकूड घेऊन ढिगापाशी पोहोचलाच होता. सायाळ काटे फुलवून मध्ये उभी राहिली. “मला हा ढीग पुन्हा ठोकायचा आहे.”

“आजी, दिवस बुडेल.”

“बुडू द्या.”

टक्, टक्, टक्. संधिप्रकाशात कितीतरी वेळ तोच एक आवाज. मग अगदी तळाशी एक ‘थप्प’. त्या करवंटीतून हळूच एक सुरकुतलेली मान बाहेर आली. ती करवंटी नव्हतीच; रानातले वृद्ध कासव होते ते.

“कोण दार वाजवते आहे?” कासव जांभई देत म्हणाले. “पाऊस पडेपर्यंत मी झोपणार, असे सांगितले होते ना?”

कोल्ह्याने लाकूड मातीत विझविले. त्या दिवसापासून माळावर ठोकून ऐकल्यावाचून काहीही पेटविले गेले नाही, आणि पहिला ठोका मुकादम स्वतः मारू लागला.

तात्पर्य : टाकून दिलेल्या वस्तूचीही जो विचारपूस करतो, त्याच्या संथपणाला हसू नये, आणि कोणी हसले म्हणून त्यानेही आपली रीत सोडू नये.