हिशेबनिसाचं स्टूल

उसाच्या चरकाच्या घुंगरांचा आवाज मला अजून आठवतो. सासवडच्या स्टँडवर हौसाबाईंची रसवंती होती. सून हिशेब लिहू लागली, म्हणून त्यांनी हिशेबनीस मोहरीरसाहेबांचं काम थांबवलं.

साहेब गिऱ्हाइकांसमोरच म्हणाले, "बाई, करार तीन वर्षांचा, झालंय एकच. आज सोडलंत तरी उरलेली फी भरावी लागेल."

"आणि तुम्ही काय करायचं?"

"मुदतभर तुमची प्रत्येक विक्री लिहायची."

हौसाबाईंनी चरकाशेजारी स्टूल मांडलं. "मग बसा, साहेब. इतके दिवस मी बेरीज सांगायचे, आता तुम्हीच बघून लिहा. या पाव्हण्यांचा फुल, त्या ताईंचा हाफ. ऊन फार आहे, तुम्हीही एक घ्या. तोही लिहा."

शर्टावर रस उडाला, माश्या घोंगावल्या. दुपारी साहेबांनी करार फाडून चिपाडांत टाकला आणि ते निघून गेले.