गवती चहाची पात

फळं बोलायची त्या काळातली ही एक उन्हाळी दुपार. भामाआत्यांच्या वाडग्यात कलिंगड, अननस आणि आंबा उकाड्यानं पेंगले होते. भाचीनं दोनदा वाडगा दूर सारला होता.

आत्यांनी गुळाच्या पाकात आलं टाकलं, लिंबू पिळलं आणि गवती चहाची पात सोडली.

"गवत? आमच्यात?" आंबा फणकारला. "गोठ्यात जा की!"

पात पाकात मुरत राहिली. पाक निवल्यावर आत्यांनी तिला काढून खिडकीत ठेवलं आणि पाक फळांवर ओतला.

भाची पहिल्याच घासाला थबकली. "आत्या, यात वारा घातलास?"

आंबा ओशाळला. "त्या पातीला बोलवा ना आत."

खिडकीतली मलूल पात हसली. "जरा श्वास घेऊन बघ, आंबोबा. मी आतच आहे."