पायउतार टेकडी

कॅनडाच्या पश्चिमेला, जिथे मैलोन् मैल गवत आणि आभाळच दिसतं, तिथे एक बुटकी टेकडी आहे. माथ्यावर पोहोचलेला प्रत्येक घोडेस्वार तिथे खाली उतरतो, लगाम हातात धरतो आणि पलीकडचा उतार चालत जातो. उतार मुळीच अवघड नाही. तरीही घोड्यावर बसून कोणी उतरत नाही.

पायथ्याच्या वस्तीत मेती लोक राहतात, इथल्या मूळच्या क्री जमातीच्या आया आणि फ्रेंच बाप यांच्या वंशातले. पाहुण्यांनी टेकडीबद्दल विचारलं की ऐंशीच्या रोझाली देमारे आधी त्यांना बसायला सांगतात, मग सुरुवात करतात.

म्हणे, दीडशे वर्षांपूर्वी या मुलखात घोडेस्वार पोलीस नवेच आले होते. एवढा अफाट प्रदेश आणि लाल डगल्यातली माणसं मूठभर. टोबायस रेंडल त्यांतलाच. वय बावीस, बाप विलायतेत घड्याळं दुरुस्त करायचा. भरती होईपर्यंत टोबायस घोड्यावर कधी बसलाच नव्हता. पहिल्यांदा या वस्तीत आला तेव्हा सगळ्यांदेखत खाली पडला, असं सांगतात.

एका हिवाळ्याच्या तोंडावर एका व्यापाऱ्याचे सहा घोडे नाहीसे झाले. त्याने इथल्या आम्ब्रुआजवर आळ घेतला. रेंडल त्याला न्यायला एकटाच आला. बारा माणसं बंदुका घेऊन आडवी उभी राहिली. रेंडलने आपली बंदूक खोगिरालाच राहू दिली.

आम्ब्रुआजची आई एलीझ पुढे आली. "नेणारे पुष्कळ असतात," ती म्हणाली. "परत कोण आणणार?"

"न्यायाधीशांनी सोडलं तर मीच आणीन," रेंडल म्हणाला. "तुमच्या दारापर्यंत."

एलीझ बाजूला झाली. तिने असं का केलं, ते कोणालाच ठाऊक नाही. रोझालीबाईही म्हणतात, "मला विचारू नका. मी असते तर बाजूला झाले नसते."

ठाण्यावर खटला उभा राहीपर्यंत घोडे दुसऱ्याच कळपात चरताना सापडले. आम्ब्रुआज सुटला. पण घर चार दिवसांच्या वाटेवर आणि बर्फ पडू लागलेला. रेंडलने रजा मागितली. साहेब म्हणाले, "तो मोकळा आहे. जाईल आपला आपण." दुसऱ्या दिवशी सकाळी रेंडल आणि आम्ब्रुआज दोघंही ठाण्यात नव्हते. हुकूम मोडून गेलेल्या शिपायाला तुरुंग ठरलेला होता, आणि रेंडलला ते माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी हिमवादळाने गाठलं. आम्ब्रुआजचा घोडा बर्फाखालच्या पाण्याच्या खड्ड्यात पाय मोडून पडला. त्याला सोडवताना आम्ब्रुआजचे जोडे भिजले आणि पाय गोठले. रेंडलने त्याला आपल्या घोड्यावर चढवलं. वाट आम्ब्रुआजला ठाऊक, पाय मात्र रेंडलचेच चालणारे. वरून एकाने सांगायचं, खाली दुसऱ्याने लगाम धरून बर्फ तुडवायचा, असे ते दोन दिवस चालले.

वादळ निवळल्यावर वस्तीतल्या लोकांना टेकडीच्या माथ्यावर लाल डगला दिसला. त्याच्यामागे घोड्यावर कोणीतरी ओणवं पडलेलं. प्रेत आणलं, असंच सर्वांना वाटलं. तेच बारा जण बंदुका घेऊन घोड्यांवरून वर दौडले. माथ्यावर त्यांनी पाहिलं, तर आम्ब्रुआज डोळे किलकिले करून त्यांच्याकडे बघत होता आणि रेंडल न थांबता चालतच होता. एकेक जण उतरला आणि आपला घोडा हाताशी धरून त्याच्यामागे खाली चालत आला.

एलीझच्या दाराशी रेंडल मटकन बसला. तिने त्याचे जोडे कापून काढले. "आता तू घरात ये," एवढंच ती म्हणाली.

त्याच्या पायाची तीन बोटं गेली. चालता येऊ लागल्यावर तो स्वतःहून ठाण्यावर परतला आणि शिक्षा भोगली. पुढे त्याचं काय झालं याबद्दल एकमत नाही. कोणी म्हणतात विलायतेला गेला, कोणी म्हणतात उत्तरेला.

"हे खरं कशावरून?" पाहुणे विचारतातच.

रोझालीबाई चिडत नाहीत. ठाण्याची जुनी हजेरीवही आजही शहरातल्या संग्रहालयात आहे. त्या स्वतः जाऊन पाहून आल्यात. रेंडलच्या नावापुढे लिहिलंय, 'परवानगीशिवाय गैरहजर, एकोणीस दिवस.'

"कुठे गेला होता, ते त्यांनी लिहिलं नाही," त्या म्हणतात. "म्हणून आम्ही सांगतो."