राळ लावलेला फुलोरा

एक होता राजा. राजा बरा होता. राणी हौशी होती. हौस वाईट नाही, बरं का, पण ती कुठं थांबवायची ते कळलं पाहिजे.

भादव्यात राजाकडं महालक्ष्म्या यायच्या. कुणी त्यांना गौरी म्हणतात. दोघी बहिणी. पहिल्या दिवशी यायच्या, दुसऱ्या दिवशी जेवायच्या, तिसऱ्या दिवशी जायच्या. त्यांच्या डोक्यावर एक लाकडी चौकट टांगायची आणि तिला फुलोरा बांधायचा. फुलोरा म्हणजे फुलं नव्हेत. फुलोरा म्हणजे खायचे दागिने. कणीक, गूळ, तीळ, तूप, एवढंच सामान. त्यातून वेणी करायची, फणी करायची, करंज्या, तोडे, पोपट, मोर करायचे, तळायचे आणि दोऱ्यानं टांगायचे. देवीनं ते डोळे भरून बघायचं. तिसऱ्या दिवशी सगळा फुलोरा सोडून गावच्या पोरांच्या हातावर ठेवायचा. पोरांनी खाल्लं, की मग देवीचा मुखवटा जागचा हलवायचा. त्याशिवाय देवी निघत नाही. अशी रीत.

राजाकडचा फुलोरा भिवराबाई करायची. म्हातारी, ताठ कण्याची आणि जिभेची तिखट. ती कढईपाशी बसली की राजासुद्धा पाय न वाजवता जायचा.

त्या वर्षी तिनं असा फुलोरा केला की बघत राहावं. वेणीचा पेड न् पेड सुटा दिसत होता. पोपटाच्या डोळ्यांत मिरी, मोराच्या पिसाऱ्याला तीळ. राणीनं पाहिलं आणि ती हरखून गेली.

"भिवराबाई, हा खायचा नाही. हा कायमचा ठेवायचा. पाहुणे राजे येतील, बघतील."

"राणीसाहेब, चार दिवसांत मऊ पडेल तो."

"म्हणून तर चिताऱ्याला बोलावलंय. झाडाच्या चिकाची राळ लावेल तो. कसा चकाकेल बघा!"

भिवराबाईच्या हातातला झारा तसाच राहिला. "खायच्या वस्तूला राळ? उद्या भातावर चुना ओता. पांढरा दिसेल!"

"तोंड सांभाळा. तुमचं काम झालं. घरी जा."

मग काय, भिवराबाईनं झारा ठेवला आणि ती उठली. पण घरी गेली नाही. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर ओट्यावर जाऊन बसली. मनात नुसती चूल पेटलेली. पोरं वर्षभर वाट बघतात. त्यांच्या तोंडचा घास, आणि तो भिंतीला शोभा म्हणून?

दुसऱ्या दिवशी चितारी आला. वेणीला राळ, फणीला राळ, पोपटाला राळ. सगळं लखलखलं. मग मुंग्यांची एक रांग दोऱ्यावरून खाली उतरली, पोपटापाशी थांबली आणि आल्या वाटेनं परत गेली. मुंग्यांना कळलं. राणीला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी पोरं फाटकाशी जमली. हातात वाट्या.

"चला, पळा!" पहारेकरी खेकसला. "यंदा फुलोरा नुसता बघायचा."

"मग बघू तरी द्या!" एक पोर म्हणाली. तेही नाही. त्यांतली धाकटी ठमी तिथंच बसून रडायला लागली. ते रडणं ओट्यावर ऐकू आलं. भिवराबाईनं दात आवळले.

आत निरोपाची वेळ झाली. भटजींनी अक्षता टाकल्या, मुखवट्याला हात लावला. मुखवटा हलला नाही. मग राजानं पहिलवान बोलावले. त्यांनी दंड थोपटले, जोर लावला, घामाघूम झाले. हलला नाही. मग राजानं काय करावं? देवीच्या पाटाला दोर बांधून हत्ती जुंपला! देवीला हत्ती लावतात कुठं? पण लावला. दोर ताणला, ताणला आणि तटकन तुटला. हत्ती बागेत जाऊन बसला.

आणि तेवढ्यात थोरल्या महालक्ष्मीनं आपणहून मान वळवली. फाटकाकडं. पितळेची मान, आणि वळली, बरं का! डोळ्यांत पाणी होतं.

राणी धावत ओट्यापाशी आली. "भिवराबाई, दिवस मावळायला आला. देवी निघाली नाही तर पुन्हा यायची नाही. काय करू?"

"मला काय विचारता? ती कुठं बघतेय ते बघा. लेकुरवाळी आहे ती. दारात लेकरू रडत असताना कुठली आई उठेल?"

राणीचा चेहरा उतरला. तिनं धावत जाऊन फुलोरा तोडला आणि ओच्यात घेऊन फाटकाकडं निघाली. भिवराबाई आडवी आली.

"राळ खाऊ घालता पोरांना?"

"मग नवा करून द्या."

"माझे हात तुम्ही घरी पाठवलेत, राणीसाहेब."

राणीनं ओचा रिकामा केला, पदर खोचला आणि स्वयंपाकघरात जाऊन ती स्वतःच परातीपाशी बसली. पीठ घेतलं, गुळाचं पाणी भसकन ओतलं. कणकेची झाली लापशी. भिवराबाईनं तोंड फिरवलं. मग परत बघितलं. मग राहवेना.

"अहो, असं मळतात होय? सरका! नाही, सरकू नका. बसा तिथंच. पीठ घाला. अजून घाला. तळव्यानं मळा, बोटांनी काय गुदगुल्या करताय!"

कढई तापली. राणीनं एक पोपट केला.

"हे काय?"

"पोपट."

"बेडूक आहे."

"असू दे. तळा."

भिवराबाईनं तळला. हसू आलं होतं, ते दाबलं. राणीनं गरम गरम बेडूक पदरात घेतला आणि पळत जाऊन ठमीच्या हातावर ठेवला. ठमीनं नाक पुसलं. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला आणि डोकंच खाल्लं. कुडुम!

आत मुखवटा हलला. कुणी हात लावला नव्हता.

मग घाण्यावर घाणा निघाला. सगळ्या पोरांच्या वाट्या भरल्या. दिवस बुडायच्या आत दोघी बहिणी हसत आपल्या वाटेला लागल्या. राणीनं भिवराबाईला वाकून नमस्कार केला.

"पुढच्या वर्षी कणीक घट्ट मळा," भिवराबाई म्हणाली.

राजा सुखी, राणी सुखी, पोरांची पोटं गच्च. तुमचीही भरलीत. आता पांघरूण घ्या आणि डोळे मिटा. कुजबूज नको.